रजिस्टरातले पाच महिने

माझ्या नोकरीची सात वर्षं नॅकमध्ये गेली, असं आमच्या घरात म्हणतात. मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक. दिंद्रुडहून सकाळच्या एसटीने जायचं, तास घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, हा माझा एकतीस वर्षांचा क्रम. पण आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, समन्वयकपद गळ्यात पडलं आणि तासांपेक्षा फायलींचंच काम जास्त झालं. फायली घरी यायच्या, बाजेवर पसरायच्या. पावसाची सर आली की बायको आधी वाळत घातलेली डाळ उचलायची आणि मग माझे निकष.

महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही. बीड जिल्ह्यातलं एक अनुदानित महाविद्यालय, एवढं पुरे. संस्था एका पुढाऱ्याची. आमच्या भागात संस्था म्हटली की तिच्यामागे कुणी ना कुणी पुढारी असतोच, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला काही ओळखू येणार नाही.

नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये ती स्थापन केली. मुख्यालय बंगळुरूला. विद्यापीठांचं आणि महाविद्यालयांचं मोजमाप ती माझ्या वेळी सात निकषांवर करायची. २०१७ पासून पद्धत बदलली. साधारण सत्तर टक्के गुण आकड्यांवर आले आणि उरलेले समितीच्या प्रत्यक्ष पाहणीवर. आकडे आधी संगणकावरून पाठवायचे, बंगळुरूची यंत्रणा ते पडताळणार आणि मग समिती येणार. चारपैकी ३.५१ किंवा त्याच्या वर गेलात तर ए प्लस प्लस. दोनच्या वर, अडीचपर्यंत असलात तर बी. दीड किंवा त्याखाली असलात तर मान्यताच नाही. या अक्षरावर पुष्कळ काही अवलंबून असायचं. २०१३ पासून रूसाचा, म्हणजे राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानाचा, निधी आला, तोही ग्रेड पाहून. विद्यापीठाची स्वायत्तता, महाविद्यालयाची स्वायत्तता, नवे अभ्यासक्रम, सगळं त्या अक्षराला बांधलेलं.

आता त्या रात्रीचं सांगतो.

ऑगस्ट २०१९. त्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात जागोजागी चारा छावण्या पडल्या होत्या आणि पावसाळा अर्धा सरला तरी आमच्या महाविद्यालयात टँकरचंच पाणी होतं. समिती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येणार होती. ही तारीख आम्ही मागून घेतली होती, कारण विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा निरोप स्पष्ट होता: आचारसंहिता लागायच्या आत ग्रेड हातात पाहिजे. ए मिळाली तर तालुक्यात बॅनर लागणार होते. आचारसंहिता २१ सप्टेंबरला लागली, म्हणजे त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता.

चौथ्या निकषात त्या वेळी एक आकडा विचारला जायचा: ग्रंथालयात रोज सरासरी किती विद्यार्थी आणि शिक्षक येतात. आम्ही तो आधीच पाठवून बसलो होतो, आणि पाठवणारा मीच. आकडा चांगला होता, पण त्याच्यामागचं गेट रजिस्टर अर्धवट होतं. म्हणून माजलगावहून कोरी रजिस्टरं आणली. ग्रंथालयात रात्री आठ वाजता सहा मुलं-मुली बसवली. ग्रंथपालांनी टेबलावर निळे आणि काळे पेन मांडले, म्हणजे सगळं एकाच शाईत दिसू नये. हजेरीपटावरून नावं बघायची, रोज वेगळी निवडायची, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, सही. पानामागून पान.

त्यात एक दुसऱ्या वर्षाची मुलगी होती, दिंद्रुडजवळच्याच एका वस्तीवरची. माझ्याच एसटीने यायची. मागच्या बाकावर बसून खिडकीला डोकं टेकवून वाचायची, म्हणून मला चेहऱ्याने ठाऊक होती. तिचं अक्षर चांगलं, म्हणून तिला बोलावलं होतं. घरी परत नेऊन सोडायची जबाबदारी माझी होती. साडेनऊच्या सुमाराला ती रजिस्टर घेऊन माझ्यापाशी आली. बोट एका ओळीवर होतं. ती ओळ तिच्याच नावाची होती. शेजारच्या मुलाने हजेरीपटावरून उतरवली होती.

"सर, ह्या तारखेला मी इथं नव्हते."

मी म्हणालो, "चालतं गं, कुणाचंही नाव असू दे."

"तसं नाही सर. ही संक्रांत आहे. संक्रांतीला माझ्या आईच्या पायावर कोयता बसला होता, फडात. आम्ही सांगलीकडं होतो. मी तिला घेऊन दवाखान्यात होते." मग तिने पानं मागे-पुढे उलटली. "दसरा झाल्यावर आम्ही गेलो आणि पाडव्याला आलो. हे सगळे महिने मी इथं नव्हतेच. माझ्या वर्गातल्या ह्या पण नव्हत्या, ही पण नव्हती." ती एकेका नावावर बोट ठेवत गेली. रागात नव्हती. तिला फक्त चूक दुरुस्त करायची होती. वहीत चूक झाली तर सरांना दाखवायची असते, या सवयीने ती आली होती.

माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला.

त्याआधीच्या फेरीत मी एक काम केलं होतं आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हा १९९४ चा विद्यापीठ कायदा लागू होता आणि महाविद्यालयाचा कारभार स्थानिक व्यवस्थापन समितीने बघायचा होता. २०१६ च्या कायद्याने तिची महाविद्यालय विकास समिती झाली. आमच्याकडे तिच्या बैठका कधी होतच नव्हत्या. निर्णय साहेबांच्या वाड्यावर व्हायचे. पण सहावा निकष प्रशासनाचा. तिथे बैठकांची इतिवृत्तं लागायची. मी दोन रात्रींत पाच वर्षांची इतिवृत्तं लिहिली. कुणी सूचना मांडली, कुणी अनुमोदन दिलं, चर्चेत कोण काय म्हणालं, सगळं माझ्या डोक्यातून. सभासदांच्या सह्या एका लग्नाच्या मांडवात घेतल्या. अक्षता पडायच्या आधी मी पिशवीतून वही काढली आणि एकेकाने गुडघ्यावर ठेवून सही केली. एकानेही वाचून पाहिलं नाही. त्या वहीला तेव्हाच्या समितीने चांगला शेरा दिला होता. मी राज्यशास्त्र शिकवायचो, संसद कशी चालते ते शिकवायचो, आणि न झालेल्या बैठकांमध्ये लोकशाही पद्धतीने चर्चा झाल्याचं मी माझ्या हाताने लिहिलं होतं.

ती मुलगी तिथे बोट ठेवून उभी होती तेव्हा मला ती वही आठवली. मी ग्रंथपालांना म्हणालो, बंद करा. भरलेली रजिस्टरं बाजूला ठेवा, जुनं आहे तेच समितीपुढे ठेवू. ते म्हणाले, "सर, आकडा तर गेलाय." मी म्हणालो, "जाऊ द्या. मी बघतो."

बघणार काय, हे मलाही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. ते तीन वर्षं प्रभारी होते, कारण कायम प्राचार्याची जागा भरलीच नव्हती, आणि प्रभारी माणसाला कधीही बदलता येतं. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला आणि माझ्या हातात दिला. साहेब शांतपणे बोलले. ते म्हणाले, सर, तुम्ही आमचे जुने माणूस, संस्थेच्या हिताचं बघा. एवढंच. धमकी नव्हती, आवाज चढला नव्हता. त्या फोनचं वजन ज्याने असल्या नोकऱ्या केल्या त्यालाच कळेल. आमच्यातले सात-आठ जण तासिका तत्त्वावर होते. पुढच्या जूनमध्ये त्यांना पुन्हा बोलवायचं की नाही, हे त्याच फोनच्या पलीकडे ठरायचं.

राजकीय हस्तक्षेप म्हटलं की लोकांना वाटतं, मंत्र्याने नॅकच्या समितीला फोन केला असेल. एखाद्या हॉटेलात काही दिलं-घेतलं असेल. तसंही होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातल्या गुंटूरजवळच्या एका अभिमत विद्यापीठाच्या प्रकरणात सीबीआयने पाहणीला आलेल्या समितीतल्याच प्राध्यापकांना अटक केली. चांगली श्रेणी मिळवण्यासाठी लाच दिल्याचा आरोप होता. त्याआधी, मार्च २०२३ मध्ये, नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष भूषण पटवर्धन यांनी राजीनामा दिला. हे आपल्या पुण्याच्या विद्यापीठातले संशोधक. हितसंबंध आणि गैरप्रकारांमुळे काही संस्थांना शंकास्पद ग्रेड मिळत असल्याची तक्रार त्यांनी स्वतःच केली होती. जो माणूस त्या खुर्चीवर बसला होता तोच हे म्हणत होता. त्यांच्यानंतर अनिल सहस्रबुद्धे आले. ती बातमी मी दिंद्रुडच्या घरात वाचली आणि माझी ती लग्नाच्या मांडवातली वही पुन्हा डोळ्यांपुढे आली. बंगळुरूला जे कुजतं त्याची सुरुवात अशा वह्यांतून होते. वर पोचेपर्यंत त्याला आकड्याचं रूप आलेलं असतं आणि मग ते कुणालाच ओळखू येत नाही.

पण मला सगळ्यात जास्त छळणारा हस्तक्षेप आणखी निराळा आहे. तो कायद्यात बसतो, म्हणून त्याला कुणी हस्तक्षेप म्हणत नाही.

विद्यापीठाच्या चौकशी समितीवर मी काही वर्षं जात होतो. नवं महाविद्यालय मागितलं की विद्यापीठ समिती पाठवतं. इमारत आहे का, पुस्तकं आहेत का, परिसरात गरज आहे का. एका ठिकाणी टेम्पोतून आणलेली पुस्तकं कपाटात लावली होती आणि आतल्या पानावर दुसऱ्याच महाविद्यालयाचा शिक्का होता. आम्ही नकारात्मक अहवाल दिला. पुढच्या जूनमध्ये ते महाविद्यालय सुरू झालं. १९९४ च्या कायद्यात तशी तरतूदच होती. विद्यापीठाने शिफारस न केलेला अर्जसुद्धा अपवाद म्हणून, कारणं नोंदवून, राज्य सरकार मंजूर करू शकत होतं. अपवाद हा शब्द लिहिणाऱ्याने काय मनात ठेवून लिहिला असेल कोण जाणे. मराठवाड्यात त्या अपवादांवर पाट्या लागल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आज चार जिल्ह्यांतली चारशेहून अधिक महाविद्यालयं आहेत. त्यांचे निकाल, त्यांच्या परीक्षा, त्यांच्या तक्रारी यांखाली ते विद्यापीठ वाकलेलं आहे. २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते ज्याचं उद्घाटन झालं, ज्याचे पहिले कुलगुरू डोंगरकेरी मुंबई विद्यापीठाच्या कुलसचिवपदाचा अनुभव घेऊन आले होते, ते हे विद्यापीठ. हैदराबाद संस्थानात उस्मानियाकडे बघत शिकलेल्या आमच्या आधीच्या पिढीला ते आपलं वाटायचं. अंबाजोगाईच्या योगेश्वरीत स्वामी रामानंद तीर्थांसारखी माणसं शिकवत होती. शिक्षण हा आमच्याकडे मुक्तिसंग्रामाचाच एक भाग होता. संस्था काढणारा माणूस तेव्हा घर विकून काढायचा.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागांची. नॅकच्या दुसऱ्या निकषात विचारलं जायचं, मंजूर जागांपैकी पूर्णवेळ शिक्षक किती. आमच्याकडे निम्म्याही जागा भरलेल्या नव्हत्या. मोठ्या विद्यापीठांच्या विभागांतही एक-दोन माणसांवर विभाग चालतात. जागा भरायला वित्त विभागाची परवानगी लागते. परवानगी येते ती आंदोलनं झाल्यावर, तुकड्यातुकड्याने. २०२१ मध्ये २,०८८ सहायक प्राध्यापकांच्या भरतीला मान्यता मिळाली. हा आकडा आमच्याकडच्या नेट-सेट झालेल्या प्रत्येक पोराला पाठ आहे, कारण त्याने त्या आकड्यात स्वतःला कितीदा तरी मोजून पाहिलंय. आता हे बघा: जागा सरकार भरू देत नाही आणि गुण विद्यापीठाचे कापले जातात. मंत्रालयाला कुणी श्रेणी देत नाही. ज्याने शिक्षक दिला नाही त्याला सुटका, आणि ज्याच्याकडे शिक्षक नाही त्याला बी. मग तोच मंत्री दीक्षान्त समारंभात विद्यापीठाने ग्रेड सुधारावी म्हणून सल्ला देतो. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते आणि ती मी प्रत्येक कार्यशाळेत उभं राहून बोललो आहे.

तिसरी गोष्ट खुद्द कायद्याची. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. उच्च शिक्षणमंत्री विद्यापीठांचे प्र-कुलपती होणार होते आणि कुलगुरुपदासाठी राज्यपालांकडे कोणती दोन नावं जायची हे सरकार ठरवणार होतं. बाजूने बोलणारे म्हणाले, राज्यपालसुद्धा केंद्राचेच, मग निवडून आलेलं सरकार का नको? त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ती दुरुस्ती अंमलात आली नाही. सरकार बदललं आणि नव्या सरकारने ती मागे घेतली. पण त्या सगळ्या वादात, विद्यापीठ कुणाचं यावर दोन बाजू भांडत होत्या आणि दोन्ही बाजू विद्यापीठाबाहेरच्या होत्या. मुंबई विद्यापीठाची पदवीधरांची अधिसभा निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये उमेदवारी अर्ज भरायच्या आदल्या रात्री थांबवली गेली, ती व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडलं. सहाव्या निकषाच्या पानांवर या कशालाही रकाना नव्हता. ई-गव्हर्नन्सला होता.

मी वर्गात तुलनात्मक राजकारण शिकवताना अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याची गोष्ट सांगायचो. यूजीन टालमॅज नावाचे गव्हर्नर होते. १९४१ मध्ये त्यांनी जॉर्जिया विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्राचे अधिष्ठाता वॉल्टर कॉकिंग यांना काढायला लावलं. आरोप असा की ते गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवण्याच्या बाजूचे आहेत. नियामक मंडळ आधी तयार झालं नाही, तर गव्हर्नरांनी मंडळातली माणसं बदलली. त्या डिसेंबरमध्ये दक्षिणेतल्या महाविद्यालयांच्या अधिस्वीकृती संघटनेने जॉर्जियातल्या दहा सरकारी संस्थांची मान्यता काढून घेतली. कारण स्पष्ट होतं: राजकीय हस्तक्षेप. विद्यार्थी रस्त्यावर आले, आईबाप चिडले, कारण पोराची पदवी पणाला लागली होती. १९४२ च्या निवडणुकीत टालमॅज हरले. एलिस आर्नल निवडून आले आणि नियामक मंडळाला गव्हर्नरच्या हाताबाहेर ठेवण्याची व्यवस्था राज्याच्या घटनेतच झाली. पुढे काळ बदलला. २०२२ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला की सरकारी महाविद्यालयांनी दर फेरीला अधिस्वीकृती संस्था बदलायची. आणि २०२५ मध्ये दक्षिणेतल्या सहा राज्यांच्या विद्यापीठ व्यवस्थांनी मिळून स्वतःचीच नवी संस्था काढायचं जाहीर केलं. म्हणजे तिकडेही ओढाताण चालूच आहे. पण १९४१ ची ती गोष्ट सांगताना वर्ग गप्प व्हायचा. एकदा एका पोराने विचारलं, सर, आपलं नॅक असं करील का? मी म्हणालो, ती संघटना विद्यापीठांनी मिळून चालवलेली होती. आपलं नॅक सरकारच्या पैशावर चालतं. त्याहून जास्त मला त्या दिवशी सांगता आलं नाही.

आता पुन्हा सप्टेंबरकडे येतो. समिती आली, तीन माणसांची, दोन दिवसांसाठी. अध्यक्ष दक्षिणेकडचे निवृत्त कुलगुरू. एक बाई होत्या, उत्तरेकडच्या, समाजशास्त्राच्या. पहिल्या दिवशी फेटे, ढोल, रांगोळी. साहेब गाड्यांचा ताफा घेऊन आले, व्यवस्थापनाच्या बैठकीत बोलले, गेले. रात्री कोण कुणाला भेटलं ते मला ठाऊक नाही. जे पाहिलं तेवढंच लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाई ग्रंथालयात आल्या. ग्रंथपालांनी कपाटं दाखवली, संगणक दाखवला. बाईंनी जाता जाता गेट रजिस्टर उघडलं, जुनंच, खरं. उभ्याउभ्याच पानं चाळली. मग बसल्या. पुन्हा चाळली. मला विचारलं, "नवंबर से मार्च तक ये लड़कियाँ कहाँ जाती हैं?"

जुलैत पान भरून नावं होती. दिवाळीनंतर ती निम्म्याहून खाली येत होती आणि मुलींची तर एखाद-दुसरीच उरत होती. एप्रिलमध्ये पुन्हा भरत होती. कुणी आकड्यांत हे पाहिलं नसतं, कारण आम्ही वर्षाची सरासरी पाठवली होती, आणि तीही वाढवून.

मी सांगितलं. ऊसतोड म्हणजे काय, मुकादमाकडून घेतलेली उचल म्हणजे काय, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात तो कसा, आई-बाप गेले की मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळायला खोपीवर का जाते. बाई लिहून घेत होत्या. त्यांनी विचारलं, अशी मुलं तुमच्याकडे किती? मला सांगता आलं नाही. आमच्याकडे तसा आकडाच नव्हता. 'समाजाशी नातं' या विषयावर आमच्या अहवालात ढीगभर पानं होती, वृक्षारोपणाचे फोटो होते, स्वच्छता अभियानाचे होते. पाच महिने आमचा अर्धा वर्ग ऊस तोडायला जातो, ही एक ओळ त्यात नव्हती. बाईंनी अशा एका मुलीला बोलवायला सांगितलं. तीच मुलगी आली, टेबलाच्या कोपऱ्याला धरून उभी राहिली. बाईंनी तिला बसवलं आणि परीक्षेचा अभ्यास कधी करतेस, असं विचारलं. ती म्हणाली, "गाड्या भरायच्या रात्री असतात तेव्हा होत नाही. दिवसा भरल्या तर रात्री करते." तिने आणखी एक सांगितलं: "तिकडं पुस्तक नेता येत नाही. ग्रंथालयाचं पुस्तक सात दिवसांत परत करावं लागतं."

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सात दिवसांचा नियम मी स्वतः ग्रंथालय समितीत मंजूर केला होता.

मी बाईंना तेव्हाच सांगितलं की पाठवलेला आकडा चुकीचा आहे. त्या काही बोलल्या नाहीत. मान हलवली आणि लिहिलं.

ग्रेड बी आली. बॅनर लागले नाहीत. माझं समन्वयकपद गेलं, ते जाणारच होतं, आणि मला त्याचं दुःख नाही. पण त्यानंतर जे झालं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर ही गोष्ट मी माझ्या सोयीने सांगितल्यासारखी होईल. बी असल्यामुळे एका निधीच्या यादीतून आमचं नाव गेलं. वाचनकक्षाचा प्रस्ताव होता, तो राहिला. तोटा झाला तो साहेबांचा झाला नाही, ते निवडणुकीच्या कामाला लागले. तोटा त्या मुलीच्या ग्रंथालयाचा झाला. शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी मला तोंडावर म्हणाला, "तुमच्या सत्याने पोरांचं काय भलं झालं?" तो वाईट माणूस नव्हता. बारा वर्षं तासिकांवर होता आणि निधी आला तर एखादी जागा निघेल या आशेवर होता. त्याला मी उत्तर दिलं नाही. अजूनही माझ्याकडे त्याच्यासाठी पूर्ण उत्तर नाही.

एक झालं. ग्रंथपालांनी आपल्या अधिकारात सात दिवसांचा नियम कारखान्याला जाणाऱ्या मुलांसाठी सोडला. दसऱ्याच्या आधी ती मुलगी चार पुस्तकं घेऊन गेली, गोणपाटात गुंडाळून. पाडव्याच्या वेळी टाळेबंदी होती, तरी मे महिन्यात तिने तीन परत आणली. चौथं पावसात खोपीत भिजलं होतं. ग्रंथपालांनी त्याचे पैसे घेतले नाहीत, वहीत लिहिलं: पावसाने खराब. तोपर्यंत आमच्या ग्रंथालयातलं कुठलंच पुस्तक कुणी वाचल्यामुळे खराब झाल्याची नोंद मी पाहिली नव्हती.

मी २०२१ मध्ये निवृत्त झालो. आता दिंद्रुडलाच असतो. नॅक बदलतंय. इस्रोचे माजी अध्यक्ष राधाकृष्णन यांच्या समितीने सुचवल्याप्रमाणे अक्षरांची ग्रेड जाऊन मान्य किंवा अमान्य, एवढीच विभागणी आणि तिच्यापुढे पातळ्या, असं २०२४ मध्ये जाहीर झालं. प्रत्यक्ष भेटी कमी करून तपासणी ऑनलाइन करण्यावर भर आहे. लाचखोरी थांबवायला हे आवश्यक आहे, असं म्हणतात, आणि अटकेच्या बातम्या वाचल्यावर त्याला विरोध करायला माझ्याकडे शब्द नाहीत. तरी मनात एक गोष्ट टोचते. त्या बाई उभ्याउभ्या रजिस्टर चाळत होत्या. त्यांना कुणी ते पान दाखवलं नव्हतं. संगणकावर आम्ही दाखवू तेच पान दिसेल.

गेल्या महिन्यात महाविद्यालयातून फोन आला. आताचा समन्वयक माझाच विद्यार्थी आहे. पुढच्या फेरीची माहिती भरतोय. म्हणाला, "सर, २०१९-२० चं गेट रजिस्टर सापडत नाही, तुम्हाला काही आठवतं का?" मी म्हणालो, ग्रंथालयात खिडकीकडच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात असेल, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली. तो फोन चालू ठेवूनच गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला, कागदांचा आवाज आला.

"सापडलं सर." थोडा वेळ पानं उलटल्याचा आवाज. मग तो म्हणाला, "पण सर, ह्यात दिवाळीपासून पुढं नावं निम्मीच आहेत."

"हो," मी म्हणालो. "तेवढीच होती."